हिपॅटायटिस बी: आपल्याकडचे जीनोटाइप आणि 'ई निगेटिव्ह' रिपोर्ट

शिशिर

मंडळी, मागे काविळीच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की हिपॅटायटिस बी चा विषाणू जगभर एकसारखाच असतो का, आणि तिथे चर्चा भलतीकडेच गेली म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाहीये, तेव्हा गोळ्यांचे डोस मला विचारू नका, पण विषाणूबद्दल जे विचाराल ते जमेल तेवढं सांगेन.

तर एकसारखा नसतो. याचा जीनोम इवलासा, साधारण ३२०० अक्षरांचा, गोल आणि अर्धवट दुपदरी डीएनए. त्यात एस, सी, पी आणि एक्स असे चारच जीन, तेही एकमेकांवर चढलेले, म्हणजे पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा (एस) पूर्ण पट्टा पॉलिमरेज या प्रत काढणाऱ्या एन्झाइमच्या (पी) पट्ट्यातच बसलाय. आता गंमत अशी की डीएनए विषाणू असूनही हा स्वतःची प्रत आरएनए मधून काढतो, आरएनए वरून परत डीएनए, आणि हे करणाऱ्या एन्झाइमला चुका तपासायची सोय नाही. त्यामुळे बदल होत राहतात, पण जीन एकमेकांवर चढलेले असल्याने एका ठिकाणचा बदल दोन प्रथिनांना भोवू शकतो आणि मग बरेचसे बदल टिकतच नाहीत. या ओढाताणीतून हजारो वर्षांत वेगवेगळी घराणी तयार झाली. पूर्ण जीनोममध्ये साधारण ८ टक्क्यांच्या वर फरक असेल तर वेगळा जीनोटाइप, ४ ते ८ टक्के असेल तर उपप्रकार. १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी ए ते डी असे चार मांडले, आता ए पासून जे पर्यंत यादी गेलीय (त्यातला जे हा एकाच जपानी रुग्णात सापडलेला).

भारतात मुख्यतः तीन: डी, ए आणि सी. डी जवळपास सगळीकडे सापडतो आणि बहुतेक ठिकाणी तोच जास्त. पश्चिमेला आणि दक्षिणेला डी च्या जोडीला ए, आणि आपल्याकडचा ए म्हणजे बहुतांशी ए१, युरोपातला ए२ नव्हे. पूर्वेकडे आणि ईशान्येकडे जाल तसा सी दिसायला लागतो. डी मध्ये सुद्धा डी१, डी२, डी३, डी५ असे उपप्रकार आहेत, डी५ चं वर्णन तर पूर्व भारतातल्या नमुन्यांवरूनच झालं. आणि अरुणाचलात एका आदिवासी समाजात पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्था) संशोधकांना आय हा जीनोटाइप सापडला, जो व्हिएतनाम आणि लाओसमधल्या विषाणूशी जुळतो आणि संकरातून बनलेला आहे. २०१० च्या सुमाराचं काम आहे हे.

नुसती यादी द्यायला धागा काढला नाही. माझा खरा मुद्दा असा आहे की आपल्याकडे डी जास्त आहे याचा थेट परिणाम आपल्या रक्ताच्या रिपोर्टवर होतो आणि तो लोकांना कुणी समजावून सांगत नाही. रिपोर्टमध्ये 'एचबीई अँटिजेन निगेटिव्ह' आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, विषाणू झोपलाय म्हणतात, आणि पुढची चार-पाच वर्षं कुणी तपासणीला जात नाही. डी असलेल्या प्रदेशात हे धोक्याचं आहे. का ते विचारलंत तर सविस्तर लिहितो.

अबोली

शिशिरदादा विचारतेच. माझ्या दिरांचा रिपोर्ट अगदी असाच आहे, एचबीएसएजी (बी चा संसर्ग आहे का ते दाखवणारी चाचणी) पॉझिटिव्ह, ई निगेटिव्ह. रक्तदान शिबिरात कळलं. ज्यांना दाखवलं त्यांनी 'कॅरियर आहात, काही करायचं नाही' एवढं म्हणून पाठवलं. आता नातेवाईकांपैकी एक जण म्हणतोय जीनोटाइपची टेस्ट करून घ्या म्हणजे नक्की कळेल. करायची का? आणि ई निगेटिव्ह चांगलं की वाईट ते जरा सोप्या भाषेत सांगा, मी कॉमर्सची आहे.

शिशिर

अबोलीताई, सांगतो. थोडं लांबेल, पण हाच भाग महत्त्वाचा आहे.

ई अँटिजेन हे विषाणूने बनवून रक्तात सोडलेलं एक प्रथिन. विषाणू जोरात वाढत असतो तेव्हा ते सहसा रक्तात सापडतं. पुढे शरीराची प्रतिकारशक्ती विषाणूला दाबते, ई अँटिजेन जातं, त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी येते, आणि बऱ्याच जणांत विषाणू खरंच शांत होतो. म्हणून ई निगेटिव्ह म्हणजे चांगलं, असं समीकरण बसलं.

पण ई अँटिजेन जायचा दुसराही रस्ता आहे. जीनोमच्या १८९६ व्या जागेवर जी या अक्षराचं ए अक्षर झालं की प्रथिन बनवायच्या सूचनेत मध्येच 'थांबा' अशी खूण तयार होते आणि ई अँटिजेन बनतच नाही. विषाणू मात्र ठणठणीत, वाढतोय, यकृताला सूज आहे, फक्त तो निरोप देणारं प्रथिन बंद. याला प्रिकोर म्युटंट म्हणतात.

आता यात जीनोटाइप कुठे आला? १८९६ ची जागा आरएनए च्या एका वळलेल्या गाठीत येते, एप्सिलॉन म्हणतात तिला, आणि ती गाठ नीट बसली तरच विषाणूची प्रत निघते. या गाठीत १८९६ च्या समोर १८५८ वी जागा येते. ए जीनोटाइपमध्ये १८५८ ला सहसा सी हे अक्षर असतं. सी आणि जी ची जोडी घट्ट, तिथे जी चा ए झाला तर जोडी तुटते, गाठ सैल होते, विषाणूचंच नुकसान. म्हणून ए जीनोटाइपमध्ये हा बदल फारसा दिसत नाही. डी जीनोटाइपमध्ये १८५८ ला टी हे अक्षर असतं (आरएनए मध्ये यू). तिथे मुळातली जोडी थोडी ढिली, आणि जी चा ए झाला की उलट जास्त पक्की होते. म्हणजे डी ला हा बदल परवडतो, किंबहुना सोयीचा पडतो. म्हणूनच भूमध्य समुद्राच्या काठचे देश, पश्चिम आशिया आणि आपण, जिथे जिथे डी आहे तिथे ई निगेटिव्ह पण आजार चालू असलेले रुग्ण भरपूर दिसतात.

आता तुमच्या दिरांचं. जीनोटाइपच्या टेस्टची आत्ता गरज मला वाटत नाही. एचबीव्ही डीएनए म्हणजे व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते), एएलटी (यकृताला सूज आहे का ते सांगणारी रक्तचाचणी), आणि यकृतात चट्टे किती पडलेत ते बघायला फायब्रोस्कॅन किंवा तत्सम तपासणी, हे आधी. खरा शांत कॅरियर म्हणायचा तर डीएनए साधारण २००० आययू प्रति मिली च्या खाली आणि एएलटी नॉर्मल, आणि तेही एकदा बघून चालत नाही, कारण ई निगेटिव्ह आजारात आकडे वरखाली होतात, एका महिन्यात नॉर्मल आणि तीन महिन्यांनी चढलेले असं होऊ शकतं. म्हणून काही महिन्यांच्या अंतराने परत परत. पोटविकार किंवा यकृताच्या तज्ज्ञाला दाखवा. आणि घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी, निगेटिव्ह असतील त्यांना लस. हे आधी करा.

हरकाम्या

छान माहिती, पण एक विचारतो, ए१ आफ्रिकेतून आला असं वाचलंय. मग आपल्या किनारपट्टीवर तो सापडतो म्हणजे तिथल्या लोकांची मुळं आफ्रिकेत आहेत असं म्हणायचं का? आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून बरंच चाललंय, कुठला समाज कुठून आला वगैरे.

शिशिर

अजिबात नाही म्हणायचं, आणि हे कृपया त्या ग्रुपवर पण टाका.

ए१ ची मुळं आफ्रिकेत असावीत असं वंशवृक्षांवरून बऱ्याच संशोधकांचं मत आहे, आणि हिंदी महासागरातला व्यापार, गुलामांची ने-आण, खलाशी, यातून तो पसरला असावा हा तर्क रास्त आहे. पण विषाणूची वंशावळ वेगळी आणि माणसांची वेगळी. हा रक्तातून जातो, लैंगिक संबंधातून जातो, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका बंदरात आलेल्या थोड्या माणसांकडून तो स्थानिकांत शिरू शकतो आणि पुढे शेकडो वर्षं तिथेच घराघरात राहू शकतो, त्यासाठी कुणाचे पूर्वज कुठून यायला लागत नाहीत. शिवाय गेल्या शतकात न उकळलेल्या सुया, रक्त चढवणं, दाढीचे वस्तरे, यांनी विषाणू किती फिरवला असेल याची कल्पना करा. आजच्या नकाशात हे सगळे थर एकावर एक आहेत. त्यातून एखाद्या समाजाचं मूळ शोधायला जाणं चूक आहे, आणि वरून त्या समाजावर 'रोग आणणारे' असा शिक्का बसतो ते तर फारच वाईट.

तसा हा विषाणू माणसाबरोबर फार जुना आहे हे खरं. २०१८ मध्ये कांस्ययुगीन आणि नवाश्मयुगीन हाडा-दातांतून त्याचे जीनोम काढले गेले, २०२१ च्या कामात तर १३७ प्राचीन जीनोम होते, दहा हजार वर्षांच्या आसपासपर्यंत मागे जाणारे. नेपल्सच्या सोळाव्या शतकातल्या एका बालकाच्या ममीत सापडलेला विषाणू डी होता. मला हे वाचून भारी वाटलं होतं, पण त्यावरून आजच्या गावांच्या वंशावळी लिहू नयेत.

डोंगरवारा

मी काही वर्षं मॉलिक्युलर लॅबमध्ये होतो, त्यामुळे थोडी भर घालतो आणि थोडी तक्रार पण. तुम्ही नकाशा दिलात 'इथे डी तिथे सी', पण तो नकाशा ज्या नमुन्यांवर उभा आहे ते बघा ना. बहुतेक अभ्यास मोठ्या हॉस्पिटलात आलेल्या रुग्णांचे, म्हणजे आजारी पडलेल्यांचे, शहरात पोचू शकलेल्यांचे. गावात बसलेला, काही त्रास नसलेला माणूस त्यात येतच नाही. समजा एखादा जीनोटाइप जास्त त्रास देत असेल तर हॉस्पिटलच्या नमुन्यात तो जास्त दिसणारच, मग त्याला 'प्रदेशातला मुख्य जीनोटाइप' म्हणायचं का?

दुसरं म्हणजे पद्धत. पुष्कळ ठिकाणी फक्त एस जीनचा तुकडा सिक्वेन्स करतात (त्याची अक्षरं वाचतात) किंवा ठराविक प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) वापरून पीसीआरच्या पट्ट्या बघून जीनोटाइप ठरवतात. स्वस्त पडतं, लवकर होतं, आणि ए की डी एवढंच बघायचं तर पुरतं. पण संकरित विषाणूचा एस चा तुकडा एका घराण्याचा आणि कोअर (सी जीन) दुसऱ्याचा असेल तर तुम्ही अर्धंच बघताय. अरुणाचलचा आय कळला तो पूर्ण जीनोम वाचल्यावर. तुकड्यावर थांबले असते तर तो सी म्हणून खपला असता असं मला वाटतं. मिश्र संसर्ग, म्हणजे एकाच माणसात ए आणि डी दोन्ही, हे तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये बऱ्याचदा निसटतं, जो जास्त आहे तोच दिसतो.

आणि 'कुठला जास्त वाईट' यावर आपल्याच देशातले निष्कर्ष एकमेकांना छेद देतात हे पण सांगा लोकांना. २००२ मध्ये उत्तर भारतातल्या एका अभ्यासात डी चा संबंध जास्त तीव्र आजाराशी लावला, २००५ मध्ये उत्तर भारतातल्याच दुसऱ्या अभ्यासात ए चा. आणि एनआयव्हीचा २००३ चा पश्चिम भारतावरचा अभ्यास म्हणतो की जीनोटाइपला वैद्यकीयदृष्ट्या फरक पडताना दिसला नाही. मग रुग्णाने काय समजायचं?

शिशिर

डोंगरवारा, नमुन्यांबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, आणि आय चं उदाहरण उत्तम दिलंत.

छेद देणाऱ्या निष्कर्षांबद्दल मला असं वाटतं की अशा अभ्यासांत नमुने मर्यादित, रुग्णांची वयं वेगळी, संसर्ग कधी झाला ते माहीत नसतं, कुणी दारू पितं कुणी नाही, त्यात 'ए' आणि 'डी' अशी ढोबळ खूण लावून तीव्रता मोजली की गोंधळ होणारच. त्यापेक्षा म्युटेशन, म्हणजे अक्षरांतले ठराविक बदल, बघितली तर चित्र जास्त स्पष्ट येतं. प्रिकोर १८९६, आणि बेसल कोअर प्रमोटर या नियंत्रण करणाऱ्या भागातली १७६२/१७६४ या जागांवरच्या बदलांची जोडी, जिचा यकृताच्या कॅन्सरशी संबंध पुष्कळ ठिकाणी दिसलाय. ए१ मध्ये १८९६ सहसा नाही, तरी तो १८०९ ते १८१२ च्या आसपासच्या बदलांनी ई अँटिजेन कमी करतोच, म्हणजे तिथे पण ई च्या रिपोर्टवर विसंबता येत नाही. सी बद्दल मात्र आशियातले निष्कर्ष बरेच एकमताने बोलतात, ई अँटिजेन उशिरा जातं आणि कॅन्सरचा धोका बी जीनोटाइपपेक्षा जास्त. म्हणून ईशान्येकडचा सी दुर्लक्षून चालणार नाही.

म्युटंट किती महागात पडू शकतो याचं जवळचं उदाहरण म्हणजे २००९ ची गुजरातमधल्या मोडाशाची साथ. साबरकांठा जिल्ह्यात होतं तेव्हा ते. सुया-सिरिंजा परत परत वापरल्या गेल्या आणि त्यातून हिपॅटायटिस बी पसरला, बरेच लोक दगावले. एनआयव्हीच्या तपासणीत डी जीनोटाइपचे प्रिकोर म्युटंट आणि मृत्यू यांचा संबंध समोर आला. म्हणजे गावात बसलेला, कुणाच्या लक्षात न आलेला ई निगेटिव्ह विषाणू सुईवर चढला आणि निरोगी माणसांत गेला. मला ही साथ आठवली की अजून राग येतो, कारण सिरिंज बदलायला काही फार खर्च येत नव्हता.

अबोली

बापरे. दिरांना उद्याच पाठवते. लस सगळ्या जीनोटाइपवर चालते ना पण? लहान मुलं आहेत घरात दोन.

शिशिर

चालते, निर्धास्त रहा. जगभर वापरल्या जाणाऱ्या बऱ्याचशा लसी ए२ च्या पृष्ठभाग प्रथिनावर बेतलेल्या आहेत आणि त्या डी, सी, ए१ सगळ्यांपासून वाचवतात, कारण त्या प्रथिनातला 'ए डिटरमिनंट' नावाचा भाग सगळ्या जीनोटाइपमध्ये बराचसा सारखा आहे. १४५ व्या जागेवर ग्लायसिनचं आर्जिनिन झालेला म्युटंट लसीला चकवू शकतो, १९९० मध्ये त्याचं वर्णन झालं, पण इतक्या वर्षांत तो लसीकरण झालेल्या समाजात मोठ्या प्रमाणावर पसरलेला नाही. औषधांचंही तसंच, टेनोफोविर आणि एंटेकाविर जीनोटाइप न बघता चालतात. जीनोटाइप खरा उपयोगी पडतो तो इंटरफेरॉन द्यायचा विचार असेल तर, ए आणि बी ला ते जास्त लागू पडतं, डी ला कमी.

रानवाटा

मी आदिवासी भागात आरोग्याचं काम करते. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

एक, अंदमानातल्या आणि ईशान्येतल्या आदिवासींमध्ये या विषाणूचं प्रमाण फार जास्त सापडलंय आणि जारवांमध्ये सी, निकोबारींमध्ये डी असे निष्कर्ष छापलेले आहेत. संशोधन हवंच. पण रक्त घेऊन गेलेल्या टीमने परत येऊन 'तुमच्यात हे सापडलं, आता लस आणि उपचार असे मिळतील' हे सांगायला हवं. आमच्याकडे लोक स्पष्ट विचारतात, मागच्या वेळी रक्त नेलं त्याचं काय झालं? त्यांचा प्रश्न बरोबर आहे. शोधनिबंधात समाजाचं नाव येतं, आकडा येतो, आणि गावाला चिठ्ठी पण येत नाही, तर पुढच्या वेळी कोण हात पुढे करेल.

दोन, जन्माच्या वेळचा डोस. २४ तासांत द्यायचा असतो. २००२-०३ पासून काही भागांत आणि २०११ पर्यंत देशभर ही लस सरकारी कार्यक्रमात आली, नंतर ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीतून मिळते. नंतरचे डोस आम्ही गाठतो. पहिला चुकतो, कारण बाळंतपण घरी झालं, किंवा रविवारी झालं, किंवा एका बाळासाठी दहा डोसची बाटली फोडायची नाही म्हणून कुणी थांबलं. आणि नेमका तोच डोस आईकडून बाळाला जाणारा संसर्ग अडवतो.

शिशिर

रानवाटाताई, तुम्ही लिहिलंत त्यात पहिला मुद्दा आम्हा शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगायला हवा.

आणि २४ तासांबद्दल ज्यांना वाटत असेल की एवढी घाई कशाला त्यांच्यासाठी, जन्माच्या वेळी संसर्ग झाला तर जवळपास ९० टक्के बाळांत तो आयुष्यभर राहतो, धडधाकट मोठ्या माणसात ५ टक्क्यांहून कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोक हिपॅटायटिस बी घेऊन जगत होते. यातले पुष्कळ जण पाळण्यात असतानाच बाधित झालेले असणार.

डोंगरवारा

यावर एक तांत्रिक पुरवणी. आई आणि मुलाचा विषाणू पूर्ण जीनोमने ताडून बघितला की संसर्ग घरात झाला की बाहेर, सुईने झाला का, हे बऱ्यापैकी सांगता येतं. माझ्या मते प्रादेशिक वैविध्य अभ्यासायचा सगळ्यात मोठा उपयोग हाच, साथ आली तर तिचा माग काढायला आधीची तुलना हाताशी पाहिजे. जिल्हा रुग्णालयांतून, रक्तपेढ्यांतून, प्रसूतिगृहांतून थोडे थोडे नमुने सतत यायला हवेत, एकदाच दोनशे गोळा करून निबंध छापला की संपलं असं नको.

जाईजुई

पहिल्यांदाच लिहितेय, वाचत असते नेहमी. माझी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तिची एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली. सासरी रडारड चालू आहे. ई निगेटिव्ह आहे म्हणून बाळाला काही होणार नाही असं एक जण म्हणतंय. वर वाचून आता भीती वाटते.

शिशिर

जाईजुई, घाबरू नका, वेळ हातात आहे. ई निगेटिव्हवर थांबायचं नाही, तिचा एचबीव्ही डीएनए करून घ्या. तो २ लाख आययू प्रति मिली किंवा जास्त असेल तर बाळाला वाचवायला गरोदरपणातच टेनोफोविर देतात, ते डॉक्टर ठरवतील. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (२०१८ पासून) तपासणी आणि औषध मोफत आहे, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात चौकशी करा. बाळंतपण हॉस्पिटलातच. जन्मल्याबरोबर लस आणि शक्यतो १२ तासांत एचबीआयजीचं (तयार अँटिबॉडीचं) इंजेक्शन, दोन्ही वेगवेगळ्या मांडीत. स्तनपान चालतं. नवऱ्याची पण तपासणी करा. आणि सासरच्यांना सांगा की तिच्या ताटा-वाटीतून, एकत्र जेवण्यातून, मिठी मारण्यातून हे पसरत नाही.

रानवाटा

जाईजुई, एचबीआयजी सगळीकडे तयार नसतं. सातव्या महिन्यातच ज्या हॉस्पिटलात नाव घातलंय तिथे विचारा की आहे का, नसेल तर कुठून मागवतील, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून घ्या. रात्री बाळंतपण झालं तर ड्युटीवरच्या सिस्टरला आधीचं काही माहीत नसतं. लस फ्रिजमध्ये कुठे आहे आणि रात्री चावी कुणाकडे असते ते पण विचारून ठेवा, मी खरंच सांगतेय.

जाईजुई

उद्या डीएनए ला रक्त देतोय. चावीचं पण विचारते. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.